मुलींच्या हॉस्टेलवरचा भोंडला बंद पडत चाललाय, तो पुन्हा कसा उभा करावा?

पालवी_परभणी

नमस्कार मंडळी. मी पुण्यात विद्यापीठाच्या मुलींच्या हॉस्टेलमध्ये राहते. एम.एस्सी.चं दुसरं वर्ष. यंदा हॉस्टेल कमिटीत सांस्कृतिक प्रतिनिधी म्हणून माझी निवड झाली. पहिल्याच मीटिंगमध्ये रेक्टर मॅडमनी विचारलं, "भोंडला करायचाय का यंदा? की कोजागरीलाच काय ते दूध आटवायचं?" त्यांनी सहज विचारलं असेल, पण मला ते लागलं.

आमच्याकडे वर्षभराचं ठरलेलं असतं. गणपती, मग भोंडला, गच्चीवर कोजागरी, ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, संक्रांतीचं हळदीकुंकू, एप्रिलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त अठरा तास अभ्यास, आणि शेवटी सीनियर्सचा सेंड-ऑफ. यातला अठरा तास अभ्यास दणक्यात होतो. सकाळी सहापासून रात्री बारापर्यंत अभ्यासिका भरलेली, मेसच्या मावशी मध्ये मध्ये चहाची किटली पाठवतात, इंजिनियरिंगची मुलगी एम.ए. मराठीच्या मुलीशेजारी मुकाट बसून वाचत असते. कुणाला बोलवावं लागत नाही.

भोंडल्याचं मात्र तसं नाही. गेल्या वर्षी पाटाभोवती जेमतेम पंधरा-सोळा जणी होत्या, त्यातल्या निम्म्या मोबाइलवर व्हिडिओ काढत होत्या. गाणी कुणालाच पाठ नव्हती म्हणून स्पीकरवर लावली. खिरापत म्हणून वेफर्सची पाकिटं वाटली. ओळखायचं काय त्यात?

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. आमच्या तिसऱ्या मजल्यावर बी.एड. करणारी एक ताई आहे. तिचे मिस्टर वारले, मुलगा तिच्या आईकडे असतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती खोलीला कुलूप लावून गेली आणि गेट बंद होईपर्यंत लायब्ररीत बसली. आम्ही खाली कॉमन रूममध्ये वाण वाटत होतो.

ज्या हॉस्टेलवर राहिल्या आहेत, ज्यांनी अशी कामं केली आहेत, त्यांनी सांगा. हे टिकवायचं कसं? आणि ते सगळ्यांचं कसं करायचं? माझ्या मजल्यावर नंदुरबारची पावरा मुलगी आहे, बंजारा आहे, मुस्लिम आहे, एक गोव्याची आहे. त्यांना नुसतं "तुम्हीपण या ना" म्हणायला मला संकोच वाटतो.

---

हादग्याची_लेक

पालवी, मी इचलकरंजीची. आमच्याकडे भोंडला म्हणत नाहीत, हादगा. सूर्य हस्त नक्षत्रात शिरला की सुरू, सोळा दिवस. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं रोज वाढत जातं आणि खिरापतीही तशाच वाढतात. शेवटच्या दिवशी घसा बसलेला असायचा.

कोल्हापूरला हॉस्टेलवर होते तेव्हा सोळा दिवस करणं शक्यच नव्हतं. पण शेवटचा दिवस आम्ही चुकवला नाही. गाण्यांची चाल कुणाला येत नसेल तर एक म्हातारी बाई गाठ. खरंच सांगते. आमच्या मेसमध्ये पोळ्या करायला गडहिंग्लजकडच्या एक आजी यायच्या. त्यांना आम्ही मध्ये बसवायचो. त्या सुरू करायच्या आणि आम्ही मागून. स्पीकरवर लावलेल्या गाण्यात थांबायला जागा नसते. आजी मध्येच थांबून "आता इथं तुमच्या नणंदेचं नाव घाला" म्हणायच्या आणि आम्ही रेक्टरचं नाव घालायचो.

---

निवृत्त_रेक्टर

पालवी, मी आधी विद्यार्थिनी म्हणून आणि नंतर नोकरीची बरीच वर्षं रेक्टर म्हणून मुलींच्या वसतिगृहांतच राहिले. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

भोंडला बंद का पडतो ते आधी बघ. शेवटच्या वर्षाच्या चार मुली सगळं करतात: पाट आणतात, हत्ती काढतात, गाणी म्हणतात, खिरापतीचे पैसे गोळा करतात. बाकीच्या येऊन उभ्या राहतात. मे महिन्यात त्या चौघी बॅगा भरून जातात आणि त्यांच्याबरोबर भोंडलाही जातो. हे मी पुन्हा पुन्हा होताना पाहिलंय. तुमचा अठरा तास अभ्यास टिकलाय याचं कारणही तूच लिहिलंस. तिथे बघायला कुणी येत नाही, आलेली प्रत्येक मुलगी स्वतः वाचायला बसते. ज्या मुलीच्या हातात काम असतं तीच पुढच्या वर्षी "अगं, यंदा कधी आहे?" असं विचारते. म्हणून माझं पहिलं सांगणं हे की पहिल्या वर्षाच्या मुलींना प्रेक्षक म्हणून बोलावू नकोस, कामाला लाव. हत्ती त्यांनी काढायचा. दुसऱ्या वर्षाच्या मुलींनी फक्त शेजारी उभं राहायचं.

हल्ली दुसरी अडचण सेमिस्टरची. वार्षिक परीक्षा होत्या तेव्हा नवरात्र म्हणजे निवांत दिवस. आता नेमक्या त्याच सुमाराला इंटर्नल आणि सबमिशन येतात. नऊ दिवसांचा हट्ट सोड. एकच संध्याकाळ ठरव आणि ती रविवारची ठरव. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, त्यामुळे सगळ्या हॉस्टेलवर असतात आणि सगळ्यांना भूक लागलेली असते. त्या दिवशी खिरापत हेच जेवण. आमच्याकडे ही युक्ती मुलींनीच काढली आणि त्या वर्षापासून गर्दी कधी कमी झाली नाही.

आता गाण्यांचं. आम्ही प्रत्येक मजल्याची एक वही केली होती, पुठ्ठ्याची, दोनशे पानी. नियम एकच: हॉस्टेलवर आलेल्या प्रत्येक नव्या मुलीनं आपल्या घरून एक गाणं आणून त्यात स्वतःच्या अक्षरात लिहायचं. भोंडल्याचंच पाहिजे असं नाही. आईला, आजीला, मावशीला फोन करायचा आणि उतरवून घ्यायचं. खाली गावाचं नाव आणि ज्या बाईकडून घेतलं तिचं नातं.

त्या वहीत काय काय आलं म्हणून सांगू! जळगावच्या मुलीनं गुलाबाईची गाणी आणली, अकोल्याच्या मुलीनं भुलाबाईची. दोघी अर्धा तास वाद घालत होत्या आणि शेवटी कळलं की मातीच्या मूर्ती, भुलोजी, महिनाभर रोजचा खाऊ, सगळं जवळजवळ तेच, नाव तेवढं बदललंय. बंजारा मुलीनं तीजेचं गाणं लिहिलं आणि श्रावणात टोपल्यांमध्ये गहू पेरून कुमारिका तो कसा वाढवतात ते समासात चित्र काढून दाखवलं. गोव्याच्या मुलीनं धालोचं लिहिलं, पौषातल्या रात्री बायका मांडावर जमतात तेव्हाचं. बीडच्या एका मुलीच्या आजीनं जात्यावरच्या ओव्या सांगितल्या, त्यातल्या तीन बाबासाहेबांवरच्या होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी सुरू केलेल्या कामातून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या आहेत. तेव्हा तुमच्या हॉस्टेलमधल्या मुलींच्या आज्यांना काही येत नसेल असं समजू नकोस. त्यांना कुणी विचारलेलं नसतं, एवढंच.

त्यामुळे "तुम्हीपण या ना" म्हणायचा संकोच तुला पडायला नको. ते म्हणूच नकोस. "तुझ्याकडचं काय आहे, दे" असं म्हण. पाहुणी म्हणून बोलावलेली मुलगी एकदा येते. जिचं पान वहीत आहे ती वर्षानुवर्षं येते.

खिरापतीचं सांगते, कारण माझ्या लेखी भोंडल्याचा जीव तिथे आहे. धडगावकडची एक पावरा मुलगी पहिल्या वर्षाला होती, फार कमी बोलायची. गणपतीच्या सुट्टीवरून येताना तिनं एक स्टीलचा डबा आणला आणि मला येऊन म्हणाली, "मॅडम, खिरापत माझी." त्या संध्याकाळी डबा फिरला. हलवून बघितला तर नुसतं धप्प वाजायचं.

"गोड की तिखट?" "गोड." "ओलं की सुकं?" "सुकं." "तळलेलं?" "नाही." रव्याचा लाडू झाला, बेसनाचा झाला, खोबऱ्याची वडी, चिक्की, खजुराचे रोल झाले. ती प्रत्येक वेळी मान हलवत होती आणि हळूहळू तिचा चेहरा फुलत चालला होता. मागून कुणीतरी विचारलं, "शेतात पिकतं का रानात?" ती म्हणाली, "रानात." झालं, सगळ्या गप्प. करवंद, बोरं, चारोळी, जे आठवेल ते. शेवटी सगळ्यांनी हार मानली आणि तिनं झाकण उघडलं. मोहाच्या फुलांचे, तीळ घालून केलेले लाडू. मग ती बोलायला लागली. उन्हाळा सुरू होताना पहाटे फुलं कशी टपटप पडतात, उजाडायच्या आत आईबरोबर टोपली घेऊन कसं जायचं, वाळवायची कशी, आणि वर्षभर ती कशाकशात घालतात. तिच्या बोलीतली दोन गाणी तिनं म्हटली. पुढच्या वर्षी तिलाच मुलींनी मजल्याची प्रतिनिधी केलं.

म्हणून पाकिटं नकोत. खोलीत शेगडी आणि कॉइल चालत नाही हे मला ठाऊक आहे, मीच त्या जप्त करायचे. मेसच्या मावशींना आठवडाभर आधी सांगा, त्या दिवशी स्वयंपाकघर दोन तास मुलींना द्या म्हणावं. आणि सुट्टीवरून येणाऱ्या मुलींनी घरून आणावं. सांगलीचं भडंग, सोलापूरची शेंगाचटणी लावलेली भाकरी, कोकणातली खापरोळी, काहीही. आणि मावशींना, सफाईच्या ताईंना, गेटवरच्या महिला गार्डला फेरात घ्या. नुसती खिरापत नेऊन देऊ नका, हात धरून फेरात घ्या. हॉस्टेल त्यांचंही आहे, आणि गाणी त्यांना तुमच्यापेक्षा जास्त येतात.

आता तिसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलीचं.

आपल्याकडे मुलींची वसतिगृहं कुणासाठी निघाली, हे कमिटीतल्या प्रत्येक मुलीला माहीत असायला हवं. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी त्यांच्याशी लग्न केलं, म्हणून केवढा बहिष्कार सोसला. पुढे १८९६ मध्ये अण्णांनी, म्हणजे कर्व्यांनीच, अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर नेला, गावापासून लांब, झोपडीत. तिथं राहून शिकणाऱ्या मुली कोण होत्या? विधवा. गोदूबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवा, या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या. याच कामातून १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं राहिलं, आजचं एस.एन.डी.टी. ज्यांच्यासाठी ही दारं पहिल्यांदा उघडली, त्यांच्याच वाटेच्या एका मुलीला आज हॉस्टेलच्या हळदीकुंकवाच्या दिवशी लायब्ररीत बसावं लागतं. हे मला सहन होत नाही आणि कुणालाच होऊ नये.

आमच्याकडे मी हळदीकुंकू हा शब्द सूचनाफलकावरून काढला आणि "संक्रांतीचं वाण" असं लिहिलं. दारात कुंकवाचं तबक ठेवलं नाही. तिळगूळ आणि वाण प्रत्येकीला, लग्न झालेली, न झालेली, नवरा असलेली, नसलेली, कोणत्याही धर्माची. वाण म्हणजे मुलींना लागणारी वस्तू: वही, पेन, सॅनिटरी पॅडचं पाकीट, कपड्यांचे चिमटे. एका वर्षी सगळ्यांना कुलूप दिलं होतं, कारण त्या वर्षी कपाटांची कुलपं सारखी बिघडत होती. पहिलं वाण कुणाच्या हातानं द्यायचं, तर त्या वर्षी हॉस्टेलमध्ये वयानं सगळ्यात मोठी जी असेल तिच्या हातानं. आमच्याकडे दोनदा ती विधवा मुलगी होती. कुणी भाषण केलं नाही, कुणी "बघा आम्ही किती पुढारलेले" असं दाखवलं नाही. ती पुढे आली, तिनं वाटलं, झालं. तुझ्या त्या ताईला आधी एकटीला भेट, चहाला बोलव, तिला काय आवडेल ते विचार. तिनं नको म्हटलं तर तेही मान.

---

अभ्यासिका_खुर्ची

मॅडमनी लिहिलेलं सगळं पटलं. पण एक बाजू राहिली ती मांडते.

मी नेटची तयारी करतेय. मला भोंडला आवडत नाही असं नाही, पण त्या संध्याकाळी यायचं नसतं कधी कधी. आमच्या हॉस्टेलवर गेल्या वर्षी दारं वाजवत फिरले, "चल ना, अशी काय करतेस", आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर न आलेल्यांची नावं टाकली. मी तेव्हापासून काहीच कार्यक्रमाला जात नाही.

आमच्या विंगमध्ये एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. रविवारी मेस बंद असते तेव्हा संध्याकाळी कॉरिडॉरमध्ये पेपर पसरतात आणि भेळ होते. एकीकडे चुरमुरे, एकीकडे फरसाण, कुणाकडे चिंच-गुळाची चटणी, कांदा कापणारी ठरलेली. याला कुणी प्रतिनिधी नाही, नोटीस नाही. ज्यांना यायचंय त्या येतात, ज्यांना नाही त्यांच्या दाराशी वाटी ठेवतात. मी पेपर देऊन रडत बसले होते त्या रविवारीही वाटी ठेवली होती. ही आमची खरी परंपरा आहे असं मला वाटतं. पालवी, काहीही कर पण हजेरी घेऊ नकोस.

---

शमीम_सोलापूर

मी हॉस्टेल सोडून आता दहा-एक वर्षं झाली. पालवी, तुझ्या मजल्यावरच्या मुस्लिम मुलीच्या जागी मी होते, म्हणून लिहिते.

आमच्या वेळी रमजान जुलै-ऑगस्टमध्ये यायचा. बाहेर पाऊस, सेहरीला पहाटे चारला उठायचं आणि मेस उघडणार आठला. माझी रूममेट तासगावची. ती रात्री मेसमधून माझ्या वाटच्या पोळ्या-भाजी डब्यात भरून ठेवायची आणि माझा अलार्म वाजला की माझ्याआधी तीच उठायची. दुपारच्या जेवणाचे खाडे मेसवाले धरत नव्हते, सलग अमुक दिवस असतील तरच खाडा असा नियम होता. आमच्या मॅडमनी लेखी बदलून घेतलं: रोजा असलेल्या मुलींना दुपारचं ताट संध्याकाळी बांधून द्यायचं. इफ्तारला आमच्या खोलीत जागा पुरायची नाही, एवढ्या मुली यायच्या. खजूर मी आणायचे, भजी त्या.

भोंडल्याला पहिल्या वर्षी मी गेले नाही. दुसऱ्या वर्षी एका मुलीनं विचारलं, "तू छान ड्रॉइंग करतेस ना, हत्ती काढशील?" मी हो म्हटलं. माझे अब्बा चादरीच्या कारखान्यात मागावर होते. आमच्याकडे चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात, एकेक चौकट म्हणजे एकेक धागा. मी हत्तीही तसाच काढला. आर्किटेक्चरच्या मुलीचा ड्रॉइंग बोर्ड घेतला, त्यावर खडूनं चौकटी आखल्या आणि चौकटी भरल्या: मसूर, तांदूळ, मसूर, तांदूळ. डोळ्याला एक राजमा. सोंड वर वळवताना चौकटी जमेनात, तर आठ-दहा जणी गुडघ्यावर बसून एकेक दाणा सरकवत होत्या. सोलापुरी चादरीवर असतो तसा हत्ती झाला होता. दुसऱ्या दिवशी दाणे गोळा करून गच्चीवर पाखरांना टाकले.

मॅडम म्हणतात ते खरं आहे. मला "ये" म्हणणाऱ्या पुष्कळ होत्या. "कर" म्हणणारी ती एकटी.

एक सांगायचं म्हणजे, दारात उभं राहून प्रत्येकीच्या कपाळाला कुंकू लावू नका. ज्यांना हवंय त्या स्वतः लावून घेतील. कुणी मागे सरकली तर तिच्याकडे बघत राहू नका.

---

पालवी_परभणी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आमच्या कमिटीला हा धागा वाचून दाखवला. वहीची कल्पना सगळ्यांना आवडली. मी माझ्या आजीला फोन केला, ती आधी "मला कुठं येतंय काही" म्हणाली आणि मग चाळीस मिनिटं थांबली नाही. बी.एड.च्या ताईशी अजून बोलले नाही, या आठवड्यात बोलेन.

मॅडम, तीन अडचणी उरल्यात. एक, आमच्याकडे आवारातला कार्यक्रम साडेआठला संपवावा लागतो. मुलांच्या हॉस्टेलवर गणपतीत रात्री अकरापर्यंत चालू असतं. दोन, काही सीनियर्सचं म्हणणं आहे की भोंडल्याच्या आदल्या रात्री फर्स्ट इयरची "ओळख" घ्यायची, तीही परंपरा आहे आणि तीही चालू ठेवायची. तीन, अभ्यासिका_खुर्ची यांनी लिहिलंय तो प्रश्न.

---

निवृत्त_रेक्टर

दुसऱ्यापासून सुरू करते. ती परंपरा नाही. रात्री दार लावून नव्या मुलींना उभं करायचं, गाणी म्हणायला लावायची, वाट्टेल ते विचारायचं, याला कायद्यात रॅगिंग म्हणतात. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे आणि यूजीसीचे २००९ चे नियम सगळ्या विद्यापीठांना लागू आहेत. प्रवेशाच्या वेळी तुम्ही सगळ्यांनी प्रतिज्ञापत्र दिलेलं असतं, ते सीनियर्सना वाचून दाखव. १८०० १८० ५५२२ हा देशभरचा क्रमांक प्रत्येक मजल्यावर लाव, कार्यक्रमाच्या नोटीसशेजारीच लाव. "आमच्यावेळी आम्ही सहन केलं" हे मी असंख्य वेळा ऐकलंय. सहन केलेलं पुढच्या मुलींना द्यायचं नसतं. ओळख करून द्यायची असेल तर वही आहे ना. मुलीनं पान लिहिलं की तिचं गाव, तिचं घर, तिची आजी, सगळी ओळख झाली. आणि सीनियर्स ऐकत नसतील तर भिडेखातर गप्प बसू नकोस, रेक्टरना लेखी कळव. तुझ्या पदाचं ते काम आहे.

वेळेचं म्हणशील तर अर्ज कर. तोंडी विचारलं की "बघू" असंच उत्तर मिळतं. अर्जात तारीख, वेळ, जागा, किती मुली, आवाजाची मर्यादा, जबाबदार मुलींची नावं, महिला गार्ड उपस्थित राहणार हे सगळं लिही. मुलांना जेवढी मुभा आहे तेवढीच माग, जास्त नाही आणि कमीही नाही. सुरक्षिततेचं कारण सांगून मुलींच्या वसतिगृहांना मुलांपेक्षा वेगळे, जाचक नियम लावू नयेत, असं यूजीसीच्या २०१३ च्या "सक्षम" अहवालात स्पष्ट म्हटलंय आणि २०१६ मध्ये आलेल्या नियमांतही तेच आहे. अर्जात हा संदर्भ दे, पण भाषा सौम्य ठेव. रेक्टरलाही वर कुणालातरी उत्तर द्यायचं असतं. तुझा अर्ज नीट असेल तर तोच कागद ती पुढे सरकवू शकते. मी असे कागद सरकवलेले आहेत.

अभ्यासिका_खुर्ची, तुमच्या ग्रुपवर न आलेल्यांची नावं टाकली हे फार वाईट झालं. पालवी, त्या दिवशी अभ्यासिका उघडी राहील आणि तिथं आवाज पोचणार नाही अशी जागा फेरासाठी निवड. मागचं अंगण असेल तर उत्तम. दारं वाजवायची नाहीत. नोटीसवर एकच ओळ घाल: "यायचं असेल त्यांनी यावं, अभ्यास असेल त्यांची खिरापत मेसमध्ये झाकून ठेवलेली असेल." आणि खरोखर झाकून ठेव, नावं न विचारता.

कॉरिडॉरमधल्या भेळेला हात लावू नकोस. तिला प्रतिनिधी नेमू नकोस, बजेट देऊ नकोस. ती आपोआप चाललीय, चालू दे.

---

हादग्याची_लेक

पालवी, आईकडून मी सोळाही गाणी लिहून घेतलीयत, इथेच पुढच्या प्रतिसादात टाकते, वहीत उतरवून घे. दोन गाण्यांत सासूला फार वाईट बोललंय, ती ठेवायची का गाळायची ते तुम्ही मुलींनी ठरवा. आणि अर्ज ऑगस्टमध्येच टाक. सप्टेंबरात गणपतीच्या सुट्ट्या लागल्या की ऑफिसात सही करायला कुणी सापडत नाही.